जरा सरका वो

नवरा गेल्यावर रंभाबाईनं घर रिकामं करायला घेतलं. दर सारवणाला पेट्या अन् हंडे उचलून तिची कंबर जात होती. एकेक करून सगळं लेकींना वाटलं. शेवटी नवऱ्याची बाजही बैलगाडीनं चांद्याला गेली. उरली एक चूल, एक मडकं आणि उघडी भुई.

त्या सकाळी ती भिंतीकडून मागं सरकत सारवत आली आणि दमून दारात टेकली. ओल्या भुईवर मधोमध माणसाच्या लांबीचा एक पट्टा कोरडाच होता. तिच्या बोटांचे फराटे त्याला वळसा घालून आले होते.

विस्तव मागायला आलेली शेजारीण सुगंधाबाई म्हणाली, "रंभाबाई, तेवढं काऊन सोडलं?"

"सोडलं नाई. हातच जात नाई तिथी."

"बाजेची सवय असंन."

"बाज होती तवा तिच्याखालूनही सारवत होतो मी."

रंभाबाई कशीबशी उठली, शेणात हात बुडवून पट्ट्याच्या कडेला बसली. हात पुढं केला, तो आपोआप वळला. पुन्हा केला, पुन्हा वळला. थकव्यानं तिचे डोळे मिटत होते. इतकी वर्षं दर सारवणाला म्हणायची तेच तिच्या तोंडून निघून गेलं.

"जरा सरका वो."

हात सरळ पुढं गेला.