ओटीपी

धाकटीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाबांनी तहसीलला तीन खेटे घातले. आता दोघं माझ्या सेतू केंद्रात, माझ्याच टेबलासमोर बसले होते. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी भरत होते. पाचला मुदत संपणार होती.

माझ्या वेळी हेच बाबा म्हणाले होते, "सरकारपुढे हात पसरायचे नाहीत. बारावी पुष्कळ झाली."

"ताई, फोटो बरा आलाय ना गं?" धाकटीने विचारलं.

अर्जाला नंबर माझा दिला होता. मांडीवरच्या पर्समध्ये फोन थरथरला.

"ओटीपी आला का?" बाबांनी विचारलं.

"नाही अजून."

"येऊ दे. हिच्यासाठी दिवसभर थांबेन मी."

"थांबा," मी पर्सची चेन लावली. "मी सात वर्षं थांबलेय."