पाच मिनिटं, बाबा

"आसावरी, चहा झालाय गं. येतेस?"

दाराबाहेरून बाबांचा आवाज आला. आसावरीने एका कानातला इअरफोन जरा बाजूला केला. "पाच मिनिटं, बाबा." समोर स्क्रीनवर सात-आठ चेहरे होते आणि टीमचं वर्षभराचं काम ती त्यांना समजावून सांगत होती. थोड्या वेळाने ते सगळे चेहरे जागच्या जागी थिजले. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचं तोंड अर्धवट उघडं. नेट गेलं होतं. आलं, पुन्हा गेलं. परत आलं तेव्हा टीममधल्या शार्दूलने चॅटवर मराठीत टोमणा हाणला होता, "बुडालीस का परत? तुझ्या अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलपेक्षा आमच्या गावाकडचं नेट बरं!"

ती तणतणत बाहेर आली. बाबा ओट्याशी उभे होते.

"बाबा, नेट परत गेलं! रोजचंच झालंय हे. काय तोंड दाखवू मी त्या लोकांना?"

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. काही बिघडलं म्हटलं की त्यांना हुरूप यायचा. हातातला कप ठेवून ते लगबगीने हॉलमध्ये गेले. राउटरमागच्या वायरी दाबून पाहिल्या. मग फोन समोर धरून, जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या माणसासारखे घरभर फिरले.

"पूर्ण दांड्या दिसतायत की गं. आत्ता तर झकास चालतंय."

"तुम्ही बघायला आलात की चालतंच ते."

"डॉक्टर दारात आला की पेशंटचा ताप उतरतो, तसं." ते हसले. ती हसली नाही. तिने राउटरची जागा बदलून पाहिली होती, केबल बदलली होती, कंपनीच्या माणसांशी फोनवर डोकं फोडलं होतं. दोष सापडत नव्हता. कुणी तपासायला बसलं की तो लपून बसायचा.

"बरं, चहा तरी घे."

"तुम्ही घ्या ना, बाबा. माझ्यासाठी कशाला थांबता?"

"एकट्याला जात नाही गं." आई गेल्यावर ते नागपूरचं घर बंद करून लेकीकडे आले होते. तेव्हापासून हे एवढंच एक वाक्य ते आईबद्दल बोलायचे.

"मग थांबा पाच मिनिटं. आणि प्लीज, आता हाक मारू नका."

तिने दार लावून घेतलं. त्यानंतरही नेट दोनदा गेलं. ती बाहेर आली तेव्हा अंधारून आलं होतं आणि दोन्ही कप धुऊन पालथे घातलेले होते. जेवताना तिने नवा राउटर मागवला. बाबा म्हणाले, "बरं केलंस. तुझी कटकट तरी मिटेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे कॉलनीतल्या तळ्याकडे फिरायला गेले आणि तिथल्या बाकावरून उठलेच नाहीत. शेजारच्या पद्मिनी काकूंनी त्यांना लांबून पाहिलं होतं. त्यांना वाटलं, ऊन खात बसलेत.

माणसं आली, ट्रे भरभरून जेवण आणलं, डोळे पुसले, परत गेली. आसावरी पुन्हा कामाला लागली. नव्या राउटरचा बॉक्स दाराशी होता तसाच पडून होता. जुना राउटर चालत होता. दुपारी मीटिंग सुरू झाली की ती मनातून तयारीत बसायची, आता जाईल, मग जाईल. नेट जात नव्हतं. कोणीही थिजत नव्हतं. सगळे सलग, स्वच्छ बोलत राहायचे आणि ते तिला सहन होत नसे.

एकदा दोघंच कॉलवर असताना शार्दूल म्हणाला, "नेट ठणठणीत झालंय तुझं. नवा राउटर लावलास ना?"

"नाही रे. बॉक्ससुद्धा उघडला नाही."

"मग काय केलंस काय?"

"काहीच नाही."

तो कामाचं सांगू लागला. तिने मघाशी चहा करून घेतला होता, त्यावर साय धरली होती. आता नेट जात नाही म्हणून ती लॅपटॉप उचलून तशीच स्वयंपाकघरात आली. तिथे बाबांनी घर हलवणाऱ्या कुणाच्या तरी मूव्हिंग सेलमधून मोठ्या कौतुकाने आणलेला जुना मायक्रोवेव्ह होता. ते गेल्यापासून तिने त्याला हात लावला नव्हता. त्याचं दार ढिलं होतं, दाबून लावावं लागायचं. तिने कप आत ठेवला, दार दाबून लावलं, बटण दाबलं.

मायक्रोवेव्ह घुमू लागला. शार्दूल वाक्याच्या मधेच थिजला.

घंटी वाजली. "...येतंय का ऐकू? परत गेलीस वाटतं."

आसावरीने बटण पुन्हा दाबलं. तो पुन्हा थिजला.

ती इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली होती. मायक्रोवेव्हच्या आणि वायफायच्या लहरी एकाच जातीच्या, एकमेकींना अडवणाऱ्या, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली. बाबा एकटे चहा घ्यायचे नाहीत. तिचा चहा निवायचा, ते गरम करायचे. नेट जायचं, ती चिडायची, आणि पाच मिनिटं लांबत जायची. चहा पुन्हा निवायचा. ते पुन्हा गरम करायचे.

"आसावरी? आहेस का?" शार्दूल विचारत होता.

तिने लॅपटॉप मिटला. पालथे घातलेल्या कपांतला बाबांचा कप सुलटा केला. वाफाळता चहा दोन्ही कपांत अर्धा अर्धा केला आणि त्यांच्या खुर्चीसमोर जाऊन बसली. हॉलमध्ये राउटरचे सगळे हिरवे दिवे लागलेले होते.

"आले, बाबा," ती मोठ्याने म्हणाली.