आखडलेला खांदा

दुखऱ्या जागेवर सदानंद कधीच थेट जोर लावत नसे. कोमट तेल चोळता चोळता तो आधी माणसाला त्याच्या आवडीच्या विषयावर बोलतं करायचा. जीव बोलण्यात रमला की आखडलेली शीर आपोआप सैल पडते, हे मुरबाडला त्याच्याकडे मालिशला येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. यमाजीबाबांपाशी विषय एकच, त्यांचा पोरगा संजू.

आज मात्र सदानंद मुकाट्यानं चोळत राहिला. बाबांचा खांदा लाकडासारखा घट्ट, जरा म्हणून ढिला पडेना.

"आज संजूचं नाय इचारलंस रे?" यमाजीबाबा खाली बघतच म्हणाले.

सदानंदचे हात थांबले. मग त्यानं नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतो संजू?"

"बैल घ्याया म्हशाच्या जत्रंला जाऊ म्हनतो. यंदा बैल तोच बघनार हाय."

बाबा बोलत राहिले आणि खांदा सदानंदच्या हाताखाली हळूहळू सैल होत गेला.

***

गेल्या महिन्यात याच खांद्यावरून त्यांनी संजूला स्मशानात नेलं होतं. तिरडीच्या दुसऱ्या बाजूला सदानंदचाच खांदा होता.