तिरकी शेकोटी

आमचे हे नावाजलेले गवंडी, पण दिवाणखान्याच्या भिंतीतली शेकोटी ह्यांनी तिरकी बांधली. चाळीस वर्षं मी पाहुण्यांसमोर टोमणा मारला, "लोकांच्या भिंती ओळंब्यात सरळ, घरची शेकोटी तेवढी तोंड वाकडं करून बसलीय!" हे नुसते हसायचे. हे गेल्यावर मी सुनेला म्हटलं, "आता ही भिंत झकास करू." तिनं काळा दगड निवडला, मी मधोमध सरळ शेकोटी मागितली. जुनी फोडून झाल्यावर मिस्त्री पायाच्या विटा दाखवत म्हणाला, "आजी, ही काही चूक नाही. ऊब त्या कोपऱ्यात जावी म्हणून मुद्दाम वळवलीय. तिथं कोण बसायचं?" तिथं माझं शिलाईचं मशीन असतं. भिंत बघायला शेजारणी आल्या. "गेलं बाई एकदाचं ते वाकडं तोंड!" एक म्हणाली, साऱ्या हसल्या. टोमणा मीच शिकवलेला. गारठलेल्या बोटांनी मला सुईत दोरा ओवता येईना.