मागे नोरीन आहे

"मी मागे जाऊन पडते," व्हॅनच्या पायरीवर उभी राहून नोरीन म्हणाली. "आणि रस्त्यात हाका मारू नकोस मला."

"चालत्या व्हॅनमध्ये झोपायला बंदी आहे, बाईसाहेब," तिचा नवरा क्लॅरी म्हणाला.

"मग बोलाव पोलिसांना. या वाळवंटात एखादा सापडला तर मलाही दाखव."

तिचा राग खोटा नव्हता. दोघांनी नोकऱ्या संपवून, घर विकून गाडीमागे ओढायची ही घरासारखी व्हॅन घेतली ती सावकाश फिरायला, आणि आज तो सकाळपासून गाडी नुसती हाणत होता. ऑस्ट्रेलियातल्या तानामी वाळवंटाच्या लाल रस्त्याने हाडं खिळखिळी केली होती. ती रात्रीच्या मुक्कामाचा हट्ट धरून बसली होती आणि हा थांबायला तयार नव्हता.

का, ते त्याने तिला सांगितलं नव्हतं. पेट्रोल भरताना पंपवाल्याने त्याला बाजूला घेतलं होतं. एक पांढरी पिकअप म्हाताऱ्या जोडप्यांच्या व्हॅन अडवते आहे. परवा एकाचं डोकं फोडलं. तो जागीच गेला. त्याची बायको अजून सापडलेली नाही.

हे ऐकल्यापासून क्लॅरीची नजर सारखी आरशावर होती. नोरीनला कोणी हात लावलेला त्याला स्वप्नातही सहन झाला नसता.

थांब्यावर पत्र्याचा एक संडास, एक रिकामी टाकी आणि अमाप माश्या, एवढंच होतं. असल्या संडासांत कागद कधीच नसतो, जो तो आपला घेऊन फिरतो. नोरीनची गुंडाळी जांभळ्या फुलांची, व्हॅनच्या दाराशी खुंटीला लटकलेली. स्वतः जाऊन आल्यावर ती परत अडकवताना क्लॅरी म्हणाला होता, "घ्या, राणीसाहेबांचा कागद." एरवी ती हसली असती.

तो गाडी आणि व्हॅनमधली साखळी तपासायला खाली वाकला. मागे दार धाडकन आपटलं. रागावली की नोरीनऐवजी दारंच बोलत. त्याने टायर पाहिले, पायरी आत ढकलली, दोनदा भोंगा वाजवला आणि निघाला.

बऱ्याच वेळाने आरशात धुळीचा लोट दिसला. लोटातून पांढरी पिकअप बाहेर आली.

पांढऱ्या पिकअप इकडे पैशाला पासरी असतात, त्याने मनाला समजावलं. पण ही दिवे उघडझाप करत होती आणि भोंगा एकसारखा दाबून धरला होता. तिच्या काचेवर ऊन पेटलं होतं, आत काही दिसेना.

इतर गाड्यांशी बोलायचा रेडिओ खरखरला. "ए क्लॅरी! थांब की म्हाताऱ्या!"

नाव कळायला अक्कल लागत नव्हती. सगळे फिरस्ते रंगवतात तसं त्यानेही व्हॅनच्या पाठीवर हौसेने रंगवलं होतं: क्लॅरी आणि नोरीन, चॅनल अठरा.

"थांबतोस का बायकोला कायमचा विसरतोस?" पलीकडचा माणूस खदाखदा हसला.

क्लॅरीने रेडिओची तार हिसडून तोडली. मागे नोरीन आहे, काही झालं तरी थांबायचं नाही. त्याने पायाखालचं पॅडल तळाशी दाबलं. व्हॅन हेलकावे खाऊ लागली.

पिकअप उजवीकडून पुढे सरकली. तिचं तोंड व्हॅनच्या बरोबरीला आलं तेव्हा क्लॅरीने दात आवळले आणि चाक उजवीकडे फिरवलं.

व्हॅनची शेपटी फटकारल्यासारखी तिच्यावर आदळली. पत्रा किंचाळला. पिकअप रस्त्याकडेच्या मातीवर चढली, कोलांटी खाल्ली, पुन्हा एक खाल्ली आणि टपावर पालथी पडली. चाकं हवेत फिरत राहिली.

त्याने गाडी थांबवली. आधी नोरीनकडे जावं असं वाटलं, पण हा उठून मागून आला तर? त्याने चाकाचा जड पाना उचलला.

उजव्या दारातून एक दाढीवाला तरुण सरपटत बाहेर आला होता. एक डोळा रक्ताने भरलेला, हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळलेला.

"वेडा झालास का रे?" तो धापा टाकत म्हणाला. "आत... आत..."

"आत काय आहे? बंदूक?"

तरुणाने मान हलवली आणि चांगला हात पिकअपच्या खिडकीत घातला. क्लॅरीने पाना त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचं ऐकू आलं. तो ओरडला, तरी पुन्हा आतच वळू पाहत होता. पुढचा घाव डोक्यात बसला. त्यानंतरचे क्लॅरीने मोजले नाहीत. ते पंपवाल्याने सांगितलेल्या म्हाताऱ्यासाठी होते, त्याच्या न सापडलेल्या बायकोसाठी होते, आणि सगळ्यात जास्त नोरीनसाठी होते.

तरुण हलायचा थांबला तेव्हा क्लॅरीला रडू फुटलं. आयुष्यात त्याने कुत्र्यालाही काठी मारली नव्हती. शर्टाला रक्त पुसत तो व्हॅनकडे गेला. दार वाकलं होतं, खांदा लावून उघडावं लागलं.

"संपलं गं, नोरीन. घाबरू नकोस. मी आहे."

आत कपबशा फुटून पडल्या होत्या. पलंगावरची चादर मात्र सकाळी घातली तशीच होती, एक सुरकुती नाही. दाराशी खुंटी रिकामी होती.

तो सावकाश वळला. पालथ्या पिकअपच्या डाव्या खिडकीतून जांभळ्या फुलांचा कागद गरम वाऱ्यावर उलगडत चालला होता.