उजवा कौल

"हलू नको रे गुरुदास, पाय तसोच ऱ्हांवदे," म्हणत श्रीपादने अंगातला सदरा फाडला आणि गुरुदासच्या गुडघ्यावर करकचून बांधला.

तळेऱ्याहून गावाकडे येताना वळणावर बैल आडवा आला आणि श्रीपादची ती मिलिटरीच्या लिलावातली फटफटी दोघांसकट गटारात गेली. श्रीपादला नुसतं खरचटलं. मागे बसलेल्या गुरुदासचं नशीबच फुटकं. गुडघ्याखालचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं.

बैलगाडीतून घरी आणला, तर हाडवैद्य महादूने पाय बघितला न बघितला आणि हात झटकले. "ह्यां माझ्या हातचां नाय. कोल्हापुराक न्हेयात. उशीर केल्यात तर पाय आखूड होतलो."

पाय आखूड म्हणजे आगबोट बंद. इतकी वर्षं खलाशी म्हणून दर्या तुडवला, तेव्हा कुठे यंदा गुरुदासला सुकाणीची बढती मिळायची होती. रजाही संपत आलेली. त्याने श्रीपादचा हात घट्ट धरला.

"सकाळीच जीप घेवन येतंय," श्रीपाद म्हणाला. "वखारीच्या मालकाचे पाय धरतंय. तू भियां नको."

पण देवाला विचारल्याशिवाय गावात कोणी कोंबडंसुद्धा विकत नाही, तर मोडका माणूस वेशीबाहेर कसा नेणार! सकाळी उठून गुरुदासची बायको मथुरा कौल लावायला देवळात गेली. देऊळ वाडीपासून लांब, गावात येणाऱ्या रस्त्याला लागूनच. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर गप घरी बसायचं.

मथुरेला परत यायला अंमळ उशीरच झाला. देवळात माणसं होती म्हणे. आल्या आल्या तिने गूळखोबरं गुरुदासच्या तोंडात घातलं.

"उजवो कौल दिल्यान देवान! आता काय काळजी करू नकात." बोलता बोलता ती रडायलाच लागली.

गुरुदासचेही डोळे भरले. दाराकडे तोंड करून तो जीपची वाट बघत पडून राहिला. ऊन अंगणात आलं, अंगणातून गेलं. दिवेलागण झाली. जीप नाही की श्रीपाद नाही.

"भियालो आसतलो," मथुरा म्हणाली. "पोलीस इचारतले, फटफटी कोण चालवी होतो म्हणान."

"आवशीक खाव त्याच्या! एका ताटात जेवलंव गो आमी!"

मग ताप चढला आणि गुरुदासला कशाचीच शुद्ध राहिली नाही. मथुरेने महादूच्या पायांवर डोकं ठेवलं. बिचाऱ्याने जमेल तशा बांबूच्या कामट्या बांधल्या. गुरुदास वाचला, पण पाय आखूड झाला तो झालाच. आगबोट त्याच्यावाचून सुटली.

मथुरेने मात्र त्याला फुलासारखं जपलं. चवीची पेज, तिळाच्या तेलाने मालीश, हाताला धरून अंगणात फिरवणं. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "दर्यार गेलल्या घोवाची वाट बघून माझे डोळे फुटले होते," ती म्हणायची. "आता रोज नजरेसमोर तरी आसात. देव करता तां बऱ्यासाठीच." एवढी माया करणारी बायको असून आपण कुढत बसतो, याची गुरुदासला लाज वाटायची.

श्रीपाद एकदा अंगणापर्यंत आला होता. गुरुदासने आतूनच काठी उगारली. "उंबरो चढलंस तर तुझोय पाय मोडीन!" श्रीपाद मान खाली घालून गेला.

वर्ष उलटलं. दहीकाल्याच्या दिवशी गुरुदास पहिल्यांदाच काठी टेकत देवळात आला. मथुरा नारळ घेऊन पुढे गेली. तो पायरीवर टेकला, तर समोर श्रीपाद. आता दोघांनाही तोंड चुकवायला वाट नव्हती.

"पाय कसो आसा रे?" श्रीपादने विचारलं.

"तुका कित्याक व्हयो माझो पाय?" गुरुदासचा आवाज चिरकला. "देवानसुद्धा उजवो कौल दिल्यान. देव माझ्या बाजून उभो ऱ्हवलो आणि तू, माझो दोस्त, तूच पाठ फिरवलंस. दर्या तुटलो रे माझो! एक जीप आणुक होयना तुझ्यान?"



"उजवो?" श्रीपादने गाभाऱ्याकडे पाहिलं. तिथे मथुरा हात जोडून उभी होती. "मी त्या सकाळी जीप घेवन इल्लंय रे, गुरुदास. हयच, ह्याच पायरेर वहिनी गावली. डावो कौल पडलो म्हणान तिणाच माका परत धाडल्यान."