दुपारी अडकणारा गेम

पुन्हा चित्र अडकलं. पडद्यावरचा वेलिंग्टनचा शिपाई एक पाय उचलून जागच्या जागी थिजला, आणि चित्र हललं तेव्हा त्याचा मुडदा पडलेला होता. वेलिंग्टनने हेडफोन काढून टेबलावर आदळले आणि मावशीवर खेकसला.

“पंखा लावलास ना पुन्हा?”

लावला होता. इक्वेडोरमधल्या ग्वायाकिलची भर दुपार, वर पत्रा, आणि नार्सिसामावशी शेगडीपुढे त्याच्यासाठीच कच्ची केळी तळत उभी. पंखा नाही लावणार तर काय करणार बिचारी? पण पंखा वीज खातो, असं या विद्वानाचं म्हणणं. तिने मुकाट्याने बंद केला. गेम तरीही अडकला. मग त्याने फ्रिजला शिव्या घातल्या, मग मिक्सरला, मग आम्हा शेजाऱ्यांना. आम्ही म्हणे खांबावरून वीज चोरतो. चोवीस वर्षांचा घोडा झाला, पण चूक कधी त्याच्या घरी राहायला आलीच नाही.

तो कॉम्प्युटर त्याच्या आईने, मारलेनने, घेऊन दिलेला. ती माद्रिदला परक्यांच्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालते. हा दुसरीत असताना गेली. तिकडचे कागद काही होईनात, त्यामुळे यायचं राहूनच गेलं. तिचा फोन आला की हे चिरंजीव स्पीकर लावून फोन टेबलावर उपडा टाकत आणि खेळता खेळता हूं, हूं करत. समोर बघून बोलू या का रे, असं ती एकदा म्हणाली होती. त्याने नेट खाल्लं जातं म्हणून झटकून टाकलं. अलीकडे तर दुपारी फोनच करायचा नाही, अशी तिला ताकीद होती. दुपारी साहेबांचा सराव असतो.

सराव मात्र खरा होता. राजधानी कीटोच्या एका गेमिंग संघाला एक खेळाडू हवा होता आणि शनिवारी दुपारी शेवटचा चाचणी सामना होता. जिंकला तर पगार, राहायला खोली आणि ‘तुमच्यासारख्यांची तोंडं पुन्हा बघायला नकोत’, हे तो आम्हाला तोंडावर ऐकवायचा. हरला तर कोळंबी सोलायच्या कारखान्यात जायचं होतं. तिथे मावशीने त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. कोळंबीचं नाव काढलं की तो नाक दाबायचा.

म्हणून त्याने सगळे उपाय केले. कॉम्प्युटर उघडून ब्रशने धूळ काढली. आतली चिप तापू नये म्हणून लावतात तो लेप बदलला. गेम पुसून नव्याने भरला. सकाळी गेम लोण्यासारखा चाले, जेवणं झाली की लंगडायला लागे. दुपारीच का, हे काही या दीडशहाण्याला विचारावंसं वाटलं नाही. उकाडा, म्हणायचा. एकदा त्याने मावशीला दटावून विचारलं, माझ्या मागे कॉम्प्युटरला हात लावतेस का? ती म्हणाली, धूळ पुसते. तो फिसकन हसला. तुला माउस आणि साबणाची वडी यातला फरक कळतो का, म्हणाला. तीही हसली. तिला सवय होती.

शनिवारी तो आंघोळ करून, केस चापून बसला. सामना संपेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही, असा मावशीला हुकूम होता. ती बिचारी कोपऱ्यावरच्या दुकानात कोला आणायला गेली आणि तिथेच बाकड्यावर बसून राहिली. सामना तोंडावर आला आणि गेम अडकायला लागला. वेलिंग्टनला घाम फुटला. मग पहिल्या दिवशीच करायला हवं होतं ते त्याने आत्ता केलं. कॉम्प्युटरवर काय काय चालू आहे, त्याची यादी उघडली. गेमच्या खालोखाल एक व्हिडिओ कॉल चालू होता. खिडकी खाली दडवून ठेवलेली. त्याने ती वर ओढली.

कुठल्याशा स्वयंपाकघरात एक बाई बसली होती. केस पांढरे, गाल बसलेले, अंगात ॲप्रन. मागच्या खिडकीत काळोख. दोन्ही हातांवर हनुवटी टेकून ती थेट त्याच्याकडे बघत होती. नजरानजर झाली तशी ती दचकली. मग तोंडभर हसली आणि हात वर केला. ओठ हलले, पण तिने तिच्याकडचा आवाज बंद केलेला होता.

वेलिंग्टनच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. मावशीच्या चर्चमधल्या बायकांचा जपमाळेचा गट हल्ली असाच भरतो, हे त्याला ठाऊक होतं. आपलं थोबाड जगाला दाखवायचं म्हणून त्याने हट्टाने मागवलेला कॅमेरा या बायका फुकट वापरत होत्या. कॉम्प्युटरला इतके रंगीबेरंगी दिवे की त्यात कॅमेऱ्याचा एक दिवा जास्त लागलेला कुणाला दिसणार?

“थेरडी मेली,” तो म्हणाला, आणि कॉल बंद केला. वर खबरदारी म्हणून तो प्रोग्रामच काढून टाकला.

गेम पाण्यासारखा धावला. तो खेळलाही असा की त्याच्यावर राग असणाऱ्यांनीसुद्धा मान डोलवावी. सामना संपताच कीटोहून होकार आला.

मावशी दारात आली तेव्हा तो टेबलावर पाय टाकून बसला होता. निवड झाल्याचं त्याने मागाहून सांगितलं. आधी तिची अक्कल काढली. तुझ्या त्या माळ ओढणाऱ्या म्हातारीने माझा गेम खाल्ला, म्हणाला, हाकलली तिला. काखेत कोलाची बाटली धरून, मोबाईल डोळ्यांपासून लांब नेऊन मावशी वाचत होती.

“तू जिंकलास का, विचारतेय तुझी आई,” ती म्हणाली. “म्हणते, त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि चित्र गेलं.”